ह्युएन त्संग : तीन काळ चिनी भाषेत नेणारा भिक्खू

शाळेच्या पुस्तकात ह्युएन त्संग यांची ओळख चिनी प्रवासी एवढीच असते. पुलकेशी दुसरा याच्या महाराष्ट्रात ते येऊन गेले, हेही आपण वाचतो. पण त्यांचे खरे काम मायदेशी परतल्यावर सुरू झाले, असे आम्हाला वाटते.

इ.स. ६०२ मध्ये जन्मलेला हा भिक्खू सुमारे ६२९ साली, देशाबाहेर जाण्यास बंदी असताना, गुपचूप निघाला. नालंदा विद्यापीठात त्यांनी शीलभद्र यांच्याकडे अध्ययन केले. ६४५ मध्ये ते ६५७ ग्रंथ घेऊन राजधानी छांगआनला पोहोचले आणि ६६४ मध्ये निधन होईपर्यंत भाषांतर करत राहिले. त्यांच्या नावावर ७५ ग्रंथांची भाषांतरे आहेत.

६५१ ते ६५४ या काळात त्यांनी वसुबंधूंचा अभिधर्मकोश चिनीत आणला. त्यात एक मोठा वाद आहे. तिन्ही काळांतल्या गोष्टी अस्तित्वात आहेत, असे सर्वास्तिवादी मानत. वसुबंधूंचे म्हणणे वेगळे होते : जे गेले ते होते, जे यायचे ते असेल, त्याला 'आहे' म्हणता येत नाही.

संस्कृतात हा फरक क्रियापदाच्या रूपातच दिसतो. मराठीतही आहे, होते, असेल अशी वेगवेगळी रूपे आहेत. चिनी क्रियापद मात्र काळानुसार बदलत नाही. जातो, गेलो, जाईन या तिन्हींना क्रियापद एकच. काळ कळतो तो काल, उद्या अशा सोबतच्या शब्दांवरून. मग हा वाद चिनीत मांडायचा कसा?

ह्युएन त्संग यांनी भाषेची हीच रीत वापरली. 'यौ' म्हणजे असणे. त्याआधी 'पूर्वी' या अर्थाचा शब्द ठेवून त्यांनी होते सांगितले, 'पुढे' या अर्थाचा ठेवून असेल सांगितले. तीन काळांची नावे कुमारजीवांसारख्या आधीच्या अनुवादकांनी वापरलेली होतीच : निघून गेलेला, आता प्रकट असलेला, अजून न आलेला. आजही चिनी माणूस भूत, वर्तमान आणि भविष्य यांसाठी हेच शब्द बोलतो. आपला क्षणही तिथे 'छाना' होऊन राहिला आहे. कोशाच्या हिशेबाने एका दिवसरात्रीत असे ६४,८०,००० क्षण भरतात.

धम्म समजायला अमुकच भाषा यावी लागते, असे सांगणारे आजही भेटतात. तथागतांनी भिक्खूंना आपापल्या भाषेत धम्म शिकण्याची मुभा दिली होती. बाबासाहेबांनी बुद्ध आणि त्यांचा धम्म इंग्रजीत लिहिला, आपण तो मराठीत वाचतो. अनित्यतेचा विचार काळाची रूपे नसलेल्या भाषेतही उभा राहिला, कारण कोणीतरी एकेका शब्दासाठी कष्ट घेतले. वस्तीतल्या आजीला तिच्या बोलीत धम्म सांगायचा, तर तेच कष्ट आता आपल्याला घ्यायचे आहेत.