शंभराव्या वर्षी पासपोर्ट

फ्रेंच साधिका अलेक्झांड्रा डेव्हिड-नील १९११ मध्ये पतीचा निरोप घेऊन पूर्वेकडे निघाल्या. दीड वर्षात परतण्याचे ठरले होते. परतायला १४ वर्षे लागली. सिक्कीममधील गुहेत राहून त्यांनी साधना केली, तिबेटी भाषा शिकली. तेव्हा ल्हासा परकीयांना बंद होते. तरीही तोंडाला काजळी फासून, भिक्षा मागणाऱ्या यात्रेकरूच्या वेशात, मानसपुत्र लामा योंगडेनसोबत महिनोन्‌महिने पायी चालत त्या १९२४ मध्ये तिथे पोहोचल्या. ओळख पटली असती, तर वेशीवरूनच परतावे लागले असते. तेव्हा त्यांचे वय होते ५५. पुढे शंभरी गाठल्यावरही त्यांनी पासपोर्टचे नूतनीकरण करून घेतले! १९६९ मध्ये त्यांनी देह ठेवला. त्यांच्या अस्थी वाराणसीला गंगेत विसर्जित झाल्या.

आपल्याला वय अडवते की वयाची सबब, हे आज शांतपणे स्वतःला विचारूया.