शाळा भरण्यापूर्वीचे मैदान

धावपटू जेसी ओवेन्स यांचे नाव निघाले की १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमधील चार सुवर्णपदके आठवतात. त्या पदकांच्या मुळाशी शाळेचे मैदान आणि एक व्यायामशिक्षक होते, याचे स्मरण क्वचितच होते. हीरकमहोत्सवी वर्षात ते करणे उचित ठरेल.

जेम्स क्लीव्हलँड ओवेन्स यांचा जन्म १२ सप्टेंबर १९१३ रोजी अमेरिकेतील अलाबामा राज्यात ओकव्हिल येथे झाला. वडील दुसऱ्याच्या शेतात वाट्याने राबत. मुलगा नऊ वर्षांचा असताना कुटुंब उत्तरेकडील क्लीव्हलँड शहरात आले. नव्या शाळेत शिक्षिकेने नाव विचारले तेव्हा त्याने ‘जे. सी.’ ही आद्याक्षरे सांगितली. दक्षिणी उच्चारामुळे बाईंना ती ‘जेसी’ अशी ऐकू आली आणि तेच नाव कायम झाले.

पुढे फेअरमाउंट शाळेत व्यायामशिक्षक चार्ल्स रायली यांनी या कृश मुलाच्या पायांतील वेग हेरला. संघाचा सराव शाळा सुटल्यावर होई आणि जेसीला तर त्याच वेळी घराला हातभार लावण्यासाठी काम करावे लागे. त्याला संघातून वगळणे सोपे होते. रायलींनी त्याऐवजी वेळ बदलली. शाळा भरण्यापूर्वी, सकाळी, ते त्याच्यासाठी मैदानावर येऊ लागले. तापलेल्या जमिनीवर पाय क्षणभरच टेकावा, तसे हलके धावायला त्यांनी त्याला शिकवले. शिक्षक गोरे, विद्यार्थी कृष्णवर्णीय. वर्णभेदाच्या त्या काळात ही गोष्ट लहान नव्हती.

१९३३ मध्ये ईस्ट टेक्निकल हायस्कूलच्या संघातून शिकागोच्या आंतरशालेय स्पर्धेत उतरलेल्या जेसीने १०० यार्डांचे अंतर ९.४ सेकंदांत कापून जागतिक विक्रमाची बरोबरी केली. २२० यार्ड आणि लांब उडीतही तोच पहिला आला.

ओहायो स्टेट विद्यापीठात मात्र त्यांना शिष्यवृत्ती मिळाली नाही आणि कृष्णवर्णीय म्हणून विद्यापीठाच्या आवारात राहताही आले नाही. लिफ्ट चालवण्यासारखी कामे करीत ते शिकले. २५ मे १९३५ रोजी ॲन आर्बर येथे पाऊण तासाच्या आत त्यांनी तीन जागतिक विक्रम मोडले व एकाची बरोबरी साधली. त्यांतला ८.१३ मीटर लांब उडीचा विक्रम पंचवीस वर्षे टिकला. पुढच्याच वर्षी, वंशश्रेष्ठतेचा डंका पिटणाऱ्या नाझी राजवटीच्या राजधानीत त्यांनी १०० मीटर, २०० मीटर, लांब उडी आणि रिले या चारही प्रकारांत सुवर्ण मिळवले.

त्यानंतरचा काळ कठीण होता. हौशी खेळाडूंच्या संघटनेने त्यांना निलंबित केले. उदरनिर्वाहासाठी या विश्वविजेत्यावर घोड्यांशी शर्यती लावण्याची वेळ आली. खेळाच्या धावपळीत अभ्यास मागे पडला होता. १९४० मध्ये ते पुन्हा विद्यापीठात गेले, तरी पदवी पूर्ण झाली नाही. १९७२ मध्ये त्याच विद्यापीठाने त्यांना मानद डॉक्टरेट दिली. उत्तरायुष्यात त्यांनी मुलांच्या क्रीडास्पर्धांसाठी काम केले. ३१ मार्च १९८० रोजी त्यांचे निधन झाले.

पालकहो, या चरित्रातून शाळेने दोन गोष्टी घ्याव्यात. मैदानावर चमकणाऱ्या मुलाचे पुस्तक मिटू देऊ नये, ही एक. आणि संघाच्या यादीत ज्याचे नाव नाही, तो शाळा सुटल्यावर कुठे जातो, याची चौकशी करणारे कोणीतरी शिक्षकवर्गात सदैव असावे, ही दुसरी.