सूड देवावर सोपविणारा कवी

केशोरीच्या मंडळीस गोंदियाचा लोहमार्ग परिचित आहेच. त्याच मार्गाने नागपुराहून राजनांदगावास जाताना कवी नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांस एका गोऱ्या सहप्रवाशाने नवा करार दिला. डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे मन जिंकले. शत्रूंवर प्रीती करण्याचे शिक्षण त्यातच आहे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. आप्त दुरावले, निंदा झाली, पत्नी लक्ष्मीबाई व पुत्र यांचा वियोग कित्येक वर्षे सोसावा लागला. स्वभाव तापट; तथापि टिळकांनी सूड न घेता प्रीतीने वाट पाहिली. अखेर लक्ष्मीबाई परतल्या व १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. बंधुभगिनींनो, शेताच्या बांधावरून वैर पेटल्यास आपणही न्याय प्रभूवर सोपवून शेजाऱ्यास सलाम करावा, अशी आमची विनंती आहे.