मायकेल फॅरडे आणि माणकाच्या रंगाचें सोनें

सोन्याचा रंग कोणता, असें विचारिलें असतां अगदीं लहान मूलही पिवळा असेंच उत्तर देईल. परंतु लंडन येथील रॉयल इन्स्टिट्यूशन या संस्थेंत कांहीं जुन्या कांचेच्या बाटल्या जतन करून ठेविल्या आहेत. त्यांतील द्रव माणकासारखा तांबडा दिसतो, आणि त्याला तो रंग देणारा पदार्थ दुसरातिसरा कोणता नसून सोनेंच आहे. हा द्रव थोर शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे यांनीं १८५६ च्या सुमारास तयार केला. विजेवरील शोधांमुळें त्यांचें नांव आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहेच. पण धातूंचे पृष्ठभाग व धातूंचे अतिसूक्ष्म कण यांविषयीं त्यांनीं केलेलें काम फारसें कोणाच्या कानीं पडत नाहीं. तेंच येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

मायकेलचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजीं लंडनजवळील न्यूइंग्टन येथें झाला. वडील जेम्स हे लोहार असून त्यांची प्रकृति नेहमीं नादुरुस्त असे. घरांत चार मुलें आणि मिळकत तुटपुंजी. त्यामुळें लिहिणें, वाचणें व थोडा हिशेब, एवढ्यावरच मायकेलची शाळा संपली. तेराव्या वर्षीं तो जॉर्ज रीबो नांवाच्या पुस्तक-विक्रेत्याकडे वर्तमानपत्रें पोंचविणारा पोर्‍या म्हणून राहिला, व पुढच्या वर्षीं सात वर्षांच्या कराराने पुस्तकबांधणीचा धंदा शिकूं लागला. बांधावयास आलेलें पुस्तक नुसतें बांधून देणें त्याच्या स्वभावांत नव्हतें. तो तें वाची. विश्वकोशांतील विजेवरचा लेख व जेन मार्सेट या बाईंनीं रसायनशास्त्रावर लिहिलेलें संवादरूप पुस्तक यांनीं त्याच्या मनाचा ठाव घेतला. शास्त्रीय व्याख्यानांना जावयाचें तर प्रत्येक खेपेस एक शिलिंग पडे. तो शिलिंग त्याचा थोरला भाऊ रॉबर्ट देई, आणि रॉबर्ट हा स्वतः घण मारून पोट भरणारा लोहारच होता. मुलांच्या शिक्षणासाठीं पोटाला चिमटा घेणार्‍या आईबापांनीं व वडील भावांनीं या शिलिंगाची आठवण ठेवावी, असें आम्हांस वाटतें.

१८१२ मध्यें दुकानाच्या एका गिर्‍हाइकानें दिलेल्या तिकिटांवर मायकेलनें सर हंफ्री डेव्ही यांचीं चार व्याख्यानें ऐकलीं. त्यानें त्यांचें टिपण केलें, तें सुवाच्य अक्षरांत उतरून काढलें, त्याला आकृत्या जोडल्या, स्वतःच्या हातानें तें बांधलें आणि डेव्हींकडे पाठवून दिलें. या टिपणाचें फळ त्यास मिळालें. १ मार्च १८१३ रोजीं रॉयल इन्स्टिट्यूशनच्या प्रयोगशाळेंत साहाय्यक म्हणून त्याची नेमणूक झाली. पुस्तकें बांधण्याचे दिवस संपले. पण बांधणीच्या धंद्यानें हाताला लाविलेली टापटीप मात्र जन्मभर टिकली.

पुढील वीस वर्षांत फॅरडे यांची कीर्ति युरोपभर झाली. १८२५ मध्यें त्यांनीं बेंझीन हा पदार्थ शोधून काढला, आणि २९ ऑगस्ट १८३१ रोजीं चुंबकाच्या साहाय्यानें वीज उत्पन्न करण्याचा तो जगद्विख्यात प्रयोग केला. परंतु आपला विषय निराळा आहे.

१८३३ मध्यें फॅरडे विजेच्या योगें पाण्याचें विघटन करून हायड्रोजन व ऑक्सिजन हे वायु मोजीत होते. नळींत प्लॅटिनमचे पत्रे बसविलेले होते. वीज बंद केल्यावर, जमलेला वायु आपोआप कमी होत चालला आहे, असें त्यांच्या ध्यानांत आलें. नळी गळत असेल, असें म्हणून दुसर्‍या एखाद्यानें तिकडे दुर्लक्ष केलें असतें. फॅरडे यांनीं हातचें काम बाजूस ठेविलें आणि ही वायूची चोरी कोण करितो तें शोधूं लागले.

चोर म्हणजे प्लॅटिनमचा पत्रा होता. त्याच्या सान्निध्यांत ते दोन्हीं वायु ज्वाळेवांचून एकत्र होऊन पुन्हां पाणी बनत होते, आणि पत्रा मात्र होता तसाच राहत होता. तापलेली प्लॅटिनमची तार हवा व ज्वलनशील वायु यांच्या मिश्रणांत ज्वाळेवांचून लाल राहते, हें डेव्हींनीं पूर्वींच पाहिलें होतें. आणि १८२३ मध्यें जर्मनींत डोबेरायनर यांनीं सच्छिद्र प्लॅटिनमवर हायड्रोजनचा झोत सोडून तो पेटवून दाखविला होता. पण याचें कारण काय? हा विजेचा प्रभाव असावा, अशी शंका प्रथम येत होती. फॅरडे यांनीं विजेचा स्पर्शही न झालेले पत्रे घेतले, ते अल्कलीनें व तीव्र आम्लानें धुऊन अत्यंत स्वच्छ केले, आणि तेही तेंच काम करितात असें दाखविलें. पत्रा मळलेला असला कीं ती शक्ति जाई, स्वच्छ केला कीं परत येई. तेव्हां खरें महत्त्व पृष्ठभागाच्या स्वच्छतेला होतें. वायूचे कण धातूच्या पृष्ठभागाकडे ओढले जाऊन तेथें दाटी करितात, जवळ आल्यामुळें संयोग पावतात, आणि झालेली वाफ निघून गेली कीं जागा पुन्हां मोकळी होते, असा उलगडा त्यांनीं केला. कार्बन मोनॉक्साइड व एथिलीन हे वायु या कामीं अडथळा करितात, हेंही त्यांनीं नमूद केलें. हा निबंध १८३४ मध्यें रॉयल सोसायटीपुढें आला. अशा क्रियेस कॅटॅलिसिस, म्हणजे आपण ज्यास उत्प्रेरण म्हणतों तें, नांव बर्झेलियस यांनीं १८३५ मध्यें दिलें. म्हणजे क्रियेचें बारसें होण्यापूर्वींच तिची परीक्षा झाली होती!

यानंतर बावीस वर्षें लोटलीं. फॅरडे आतां पासष्टीचे झाले होते. अतिश्रमानें त्यांची स्मरणशक्ति खालावली होती. आपण काल काय केलें याचाही भरंवसा वहीवांचून देतां येत नसे. या वहींत ते प्रत्येक प्रयोगास अनुक्रमांक देत, आणि ते अनुक्रमांक अखेरीस सोळा हजारांवर गेले. फसलेले प्रयोगही त्यांत तितक्याच काळजीनें लिहिलेले आहेत.

या वयांत त्यांनीं सोन्याला हात घातला. प्रकाशाच्या लहरींपेक्षांही लहान असे धातूचे कण मिळाले, तर त्यांच्यायोगें प्रकाशाचें स्वरूप उमगेल, अशी त्यांस आशा होती. ठोकून केलेला सोन्याचा वर्ख इतका पातळ असतो कीं सुमारे २,८२,००० वर्ख एकावर एक रचिले तर एक इंच भरेल. त्यांतून पाहिलें असतां प्रकाश हिरवा दिसतो. पुढें सोन्याच्या क्षाराच्या अति सौम्य द्रावणावर फॉस्फरसची क्रिया करून त्यांनीं तो माणकाच्या रंगाचा द्रव मिळविला. त्यांत सोनें विरघळलेलें नसून त्याचे कण तरंगत आहेत, हें त्यांनीं ओळखलें. कारण भिंगानें प्रकाशाची शलाका आंत सोडली कीं तिचा मार्ग उजळून दिसे. थोडें मीठ टाकिलें कीं कण एकमेकांस चिकटून द्रव निळा होई. येथेंही भांडें किंचित् अस्वच्छ असलें तर काम बिघडे. ५ फेब्रुवारी १८५७ रोजीं त्यांनीं हें संशोधन रॉयल सोसायटीपुढें मांडलें. प्रकाशाचें जें रहस्य हवें होतें तें मात्र हातीं लागलें नाहीं, आणि ते कण त्यांच्या सूक्ष्मदर्शकांत कधीं दिसलेही नाहींत.

मग हे श्रम वायां गेले काय? १९०३ च्या सुमारास झिग्मोंडी यांनीं नव्या उपकरणानें असे सुवर्णकण दृष्टीच्या टप्प्यांत आणिले. विसाव्या शतकाच्या मध्यास, फॅरडे यांच्या कृतीनें पुन्हां केलेल्या द्रवांतील कण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानें मोजले, तेव्हां ते मिलिमीटरच्या दशलक्षांशाच्या सुमारें सहापट भरले. विद्यार्थ्यांनीं येथें एक गणित करून पहावें. एक सेंटिमीटर बाजूच्या घनाचा पृष्ठभाग सहा चौरस सेंटिमीटर असतो. त्याच घनाचे एक सेंटिमीटरच्या दहा लाखाव्या भागाएवढ्या बाजूचे बारीक घन केले, तर सर्वांचा मिळून पृष्ठभाग ६०० चौरस मीटर होतो. उत्प्रेरण पृष्ठभागावर घडतें हें ध्यानांत घेतलें म्हणजे सूक्ष्म कणांची थोरवी कळून येईल. मोटारींच्या धुरांतील विषारी वायु नाहींसे करण्यास प्लॅटिनमच्या वर्गांतील धातूंचे असेच कण वापरितात. सोनें तर अगदीं निष्क्रिय धातु म्हणून प्रसिद्ध. पण १९८७ मध्यें जपानचे मासाताके हारुता यांनीं दाखविलें कीं, सोन्याचे असे सूक्ष्म कण योग्य ऑक्साइडवर पसरले तर शून्य अंशाखालील थंडींतही कार्बन मोनॉक्साइडचा ऑक्सिजनशीं संयोग होतो. फॅरडे यांच्या वह्यांत प्लॅटिनमचा पत्रा व सोन्याचे कण हीं दोन प्रकरणें वेगळालीं पडलीं होतीं. त्यांचा सांधा असा जुळावयास एकशें तीस वर्षें लागलीं.

फॅरडे हे सँडेमनियन या लहानशा ख्रिस्ती मंडळीचे वडील होते. रॉयल सोसायटीचें अध्यक्षपद त्यांनीं नाकारलें, आणि पैशासाठीं केलेलें काम पुष्कळ मिळत असतांही तें सोडून दिलें. २५ ऑगस्ट १८६७ रोजीं हॅम्प्टन कोर्ट येथें त्यांचा अंत झाला.

परीक्षेंत उत्तर चुकलें कीं पान फाडून टाकणारे विद्यार्थी आम्हीं वर्षानुवर्षें पाहत आलों आहों. त्यांस आमचें एवढेंच सांगणें आहे कीं, फॅरडे यांनीं पान फाडलें असतें तर पुढच्यांस धागा मिळता ना. भांडें स्वच्छ ठेवावें, दिसलें तें खरें लिहावें, आणि फळ आपल्याच हयातींत पदरीं पडावें असा हट्ट धरूं नये. लोहाराच्या या मुलानें हेंच केलें, आणि त्याचा तो माणकासारखा द्रव दीडशें वर्षें उलटून गेलीं तरी बाटलींत तसाच तांबडा आहे.