विली डिक्सन : मागे उभा राहून ताल धरणारा माणूस

विली डिक्सनचा जन्म १ जुलै १९१५ रोजी अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात, व्हिक्सबर्ग इथे झाला. घरात चौदा भावंडं. आईला बोलता बोलता यमक जुळवायची सवय होती, तीच विलीला लागली. एका सुताराकडून तो इतरांच्या सुरात सूर मिळवून गायला शिकला आणि खर्जातला आवाज त्याच्या वाट्याला आला. तो काळ कृष्णवर्णीयांना पदोपदी वेगळं वागवणाऱ्या कायद्यांचा. कोवळ्या वयातच विलीला तुरुंगाच्या शेतावर राबावं लागलं.

१९३६ साली तो शिकागोला आला. अंगाने धिप्पाड. पुढच्याच वर्षी इलिनॉयच्या गोल्डन ग्लव्ह्ज मुष्टियुद्ध स्पर्धेत नवोदितांच्या हेवीवेट गटात तो जिंकला. पण पैशांवरून वाद झाला आणि मुष्टियुद्ध सुटलं. मग लिओनार्ड कॅस्टन या मित्राने पत्र्याचा डबा आणि एक तार एवढ्यावर त्याला पहिला बास बनवून दिला. त्यावर हात बसला आणि पुढे माणसापेक्षा उंच असा खरा डबल बास आला. दुसऱ्या महायुद्धात मात्र, आपल्या लोकांना समान हक्क न देणाऱ्या देशासाठी लढणार नाही, म्हणून त्याने सैन्यात जायला नकार दिला. त्यासाठी तुरुंगही सोसला.

१९५१ पासून तो शिकागोच्या चेस रेकॉर्ड्समध्ये पूर्णवेळ काम करू लागला. रेकॉर्डवर मोठं नाव असायचं गायकाचं. बासवाला मागे. पण तो चुकला की सगळ्यांचा ताल ढळणार! चक बेरीच्या १९५५ च्या ‘मेबेलीन’मध्ये ऐकू येणारा बास विलीचाच.

तो नुसता वाजवत नव्हता, गाणीही लिहीत होता. गायकाचा स्वभाव, त्याचा आवाज ओळखून त्याला शोभेल असं गाणं द्यायचं, ही त्याची हातोटी. मडी वॉटर्ससाठी ‘हूची कूची मॅन’ (१९५४), हाउलिन वुल्फसाठी ‘द रेड रूस्टर’ (१९६१). हेच दुसरं गाणं १९६४ मध्ये रोलिंग स्टोन्सने गायलं आणि ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं.

गाणी जगभर गेली, पैसा मात्र विलीपर्यंत पुरेसा पोचलाच नाही. हक्क प्रकाशन कंपनीच्या हातात होते. ते परत मिळवायला त्याला कोर्टाची पायरी चढावी लागली. १९८५ मध्ये त्याने लेड झेपलिनवर दावा लावला. त्यांचं १९६९ चं गाजलेलं गाणं त्याच्या १९६२ च्या गाण्यावरून घेतलंय, असं त्याचं म्हणणं होतं. १९८७ मध्ये तडजोड झाली आणि त्या गाण्याच्या श्रेयात विलीचं नाव आलं.

पण तो स्वतःपुरता थांबला नाही. जुन्या ब्लूज कलावंतांना त्यांचे हक्क मिळावेत म्हणून त्याने ‘ब्लूज हेवन फाउंडेशन’ काढलं. २९ जानेवारी १९९२ रोजी तो गेला. चेसचा जुना स्टुडिओ होता, त्या इमारतीत आज या संस्थेचं काम चालतं.

शिक्षक-पालकहो, हे चरित्र सांगून झालं की मुलांना एक छोटं काम द्या. आपल्या आवडीचं एक गाणं निवडायचं आणि ते लिहिलं कुणी, वाद्यं वाजवली कुणी, हे शोधून वहीत लिहायचं. गायकाचं नाव सगळ्यांना येईल. बाकीची नावं शोधायला किती वेळ लागतो, ते मुलांनाच अनुभवू द्या.