डॉ. आनंदीबाई जोशी : पदवी मिळाली, पण क्षयावर औषधच नव्हतं

सिन्नरच्या शेजारच्या संगमनेरचे गोपाळराव जोशी पोस्टात कारकून होते. कल्याणची नऊ वर्षांची यमुना त्यांच्याशी लग्न होऊन आनंदी झाली. चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला, पण नीट उपचार न मिळाल्याने तो दहा दिवसांतच गेला. बायकांना दाखवायला बाई डॉक्टर नाही, हे तिच्या मनाला लागलं.

१८८३ मध्ये नवऱ्याला मागे ठेवून ती बोटीने अमेरिकेला गेली. ११ मार्च १८८६ ला फिलाडेल्फियात आनंदीबाई डॉक्टर झाल्या. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात बायकांचा वॉर्ड त्यांची वाट पाहत होता. पण क्षयाने शरीर पोखरलं होतं. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्या वारल्या. वय अवघं २१.

क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्येच शोधला होता. पण त्याला मारणारं औषध नव्हतं. हा जंतू लबाड. श्वासातून फुप्फुसात गेला की शरीरातल्या राखणदार पेशी त्याला गिळतात, पण तो पचत नाही. त्याच पेशीत घर करून राहतो.

द्राक्षाच्या खोडात शिरलेल्या अळीवर वरवरची फवारणी चालत नाही, तसंच इथे होतं. १९४३ मध्ये सापडलेलं स्ट्रेप्टोमायसिन पेशीत फारसं शिरत नाही. १९५२ पासून आयसोनियाझिड मिळू लागलं, ते पेशीत शिरून जंतूचं कवच बनू देत नाही. पुढे आलेलं रिफाम्पिसिनही आत जातं आणि जंतूला लागणारी प्रथिनं तयार होण्याचं काम मुळातच थांबवतं. पायराझिनामाइड आंबट, म्हणजे आम्लधर्मी जागेत दडलेल्या जंतूंना गाठतं.

तरी काही जंतू आत झोपल्यासारखे पडून राहतात. म्हणून साध्या क्षयालाही साधारण सहा महिने गोळ्या लागतात. दोन महिन्यांत खोकला थांबला, अंगावर मांस आलं, म्हणून गोळ्या सोडल्या की उरलेले जंतू पुन्हा उठतात, आणि मग त्याच गोळ्यांना दाद न देणारेही निघतात.

दोन आठवड्यांवर खोकला राहिला तर थुंकी तपासून घ्यावी. प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी आणि गोळ्या फुकट आहेत. डॉक्टर असूनही आनंदीबाईंना त्या मिळाल्या नाहीत, कारण तेव्हा त्या जगात कुठेच नव्हत्या.