पत्र पोहोचलं नाही, साहेब निघून गेला, तरी दार्जिलिंगच्या शिंप्याने ५०० ओंडके त्सांगपोत सोडलेच

जुलै २०२५ मध्ये चीनने तिबेटमधल्या यारलुंग त्सांगपो नदीवर जगातल्या सगळ्यात मोठ्या जलविद्युत प्रकल्पाचं काम सुरू केलं आणि आपल्याकडे अरुणाचल, आसामपासून दिल्लीपर्यंत सगळ्यांचे कान टवकारले. कारण सरळ आहे. तिकडची त्सांगपो म्हणजेच इकडची ब्रह्मपुत्रा. वर नळ कोणाच्या हातात, यावर खालच्यांची झोप अवलंबून असते.

पण ही त्सांगपो आणि ती ब्रह्मपुत्रा एकच, ही आज शाळेतल्या पोराला माहीत असलेली गोष्ट दीडशे वर्षांपूर्वी कोणालाच छातीठोकपणे सांगता येत नव्हती. ती सिद्ध करायला एका माणसाला पाठवलं गेलं. तो शिंपी होता, त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं आणि या कामापायी तो दोनदा विकला गेला. त्याचं नाव किंथुप.

आधी नदीचा घोळ समजून घ्यायला हवा.

त्सांगपो कैलास-मानसरोवराच्या भागात उगम पावते आणि हिमालयाच्या पाठीमागून सरळ पूर्वेकडे हजारभर किलोमीटरहून जास्त वाहत जाते. पठारावरची संथ, रुंद नदी. तिच्यात चामड्याच्या होड्या चालतात. मग पूर्वेला नामचा बारवा (७,७८२ मीटर) आणि ग्याला पेरी (७,२९४ मीटर) ही दोन शिखरं आडवी येतात. दोघांमध्ये अंतर वीस-बावीस किलोमीटरचं, आणि नदी मधून घुसते. तिथून तिचं रूपच पालटतं. ती डोंगराला वळसा घालून थेट दक्षिणेकडे फिरते आणि एका प्रचंड घळीत गडप होते. ही घळ पाचशे किलोमीटरच्या आसपास लांब आहे आणि सगळ्यात खोल जागी शिखरापासून पाण्यापर्यंतचं अंतर सहा हजार मीटर भरतं. अमेरिकेतली ग्रँड कॅनियन सुमारे १,८०० मीटर खोल आहे, म्हणजे तिच्या तिपटीहून जास्त.

हे झालं कसं? भारताचा भूखंड आशियाला धडकला, त्या धडकेचा पूर्वेकडचा कोपरा नेमका इथे आहे. डोंगर इथे जगात इतरत्र क्वचितच दिसेल अशा वेगाने वर उचलला जातोय आणि नदी तितक्याच नेटाने त्याला कापतेय. वरचं ओझं पाण्याने वाहून नेलं की खालचा खडक आणखी वर येतो, असंही भूशास्त्रज्ञ मांडतात.

तर मुद्दा असा की, घळीच्या वरच्या तोंडाशी नदी समुद्रसपाटीपासून २,९०० मीटरच्या आसपास असते आणि आसामच्या मैदानात उतरते तेव्हा जेमतेम दीडशे मीटरवर. सरळ रेषेत मोजलं तर या दोन ठिकाणांमध्ये दोनशे किलोमीटरही नाहीत. एवढ्याशा अंतरात एवढं पाणी एवढं खाली येतं कसं? साहेबलोकांचा तर्क होता की आत कुठेतरी नायगराच्या तोडीचा अजस्र धबधबा असणार. काहींचं म्हणणं त्याहून वेगळं. त्सांगपो भारतात येतच नाही, ती ब्रह्मदेशातली इरावती आहे, असं ते सांगत. अठराव्या शतकात द'आनव्हिल या फ्रेंच नकाशाकाराने इरावतीची बाजू घेतली होती, तर बंगालचा सर्वेक्षक जेम्स रेनेल ब्रह्मपुत्रेच्या बाजूने होता. शंभर वर्षं हा वाद चालला.

जाऊन बघायचं तर वाट बंद. वरून तिबेटमध्ये गोऱ्यांना बंदी. खालून आजच्या अरुणाचलातल्या आदी लोकांचा मुलुख. इंग्रज त्यांना अबोर म्हणत, आणि आपल्या डोंगरात कोणी परका आलेला त्यांना खपत नसे. मधल्या भागाला तिबेटी लोक पेमाको म्हणतात. त्यांच्या श्रद्धेप्रमाणे गुरू पद्मसंभवाने संकटकाळासाठी राखून ठेवलेली ही गुप्त पवित्र भूमी. यात्रेकरू तिथे जात, पण नकाशे काढायला नव्हे.

यावर इंग्रजांच्या सर्व्हे ऑफ इंडियाने तोडगा काढला होता. हिमालयातली स्थानिक माणसं निवडायची, त्यांना मोजमाप शिकवायचं आणि यात्रेकरू किंवा व्यापारी बनवून तिबेटात सोडायचं. यांना पंडित म्हणत. कुमाऊँचा नैनसिंग रावत त्यातला सगळ्यात गाजलेला. १०८ ऐवजी १०० मण्यांची जपमाळ, शंभर पावलांना एक मणी, आणि प्रार्थनाचक्रात नोंदींचे कागद. या हिकमतीवर त्याने त्सांगपोच्या काठाने ल्हासा गाठलं होतं.

किंथुप मात्र या पंडितांच्या यादीत तसा बसत नव्हता. तो सिक्कीमकडचा लेपचा, दार्जिलिंगमध्ये शिवणकाम करून पोट भरणारा. नोंदी करणं त्याला शक्यच नव्हतं. १८७८ मध्ये नेमसिंग नावाच्या पंडिताबरोबर मदतनीस म्हणून तो घळीच्या तोंडाशी असलेल्या ग्याला गावापर्यंत जाऊन आला होता. सर्व्हेच्या कागदात त्याची ओळख दोन अक्षरांची, के. पी. दणकट अंग, वाटेची जाण आणि विलक्षण स्मरणशक्ती, एवढी त्याची शिदोरी.

१८८० मध्ये सर्व्हेचा अधिकारी कॅप्टन हेन्री हरमन याने नवी योजना आखली. आसामात उतरणाऱ्या नद्यांचं पाणी मोजून त्याची खात्री पटत आली होती की दिहांग, म्हणजे आपली सियांग, हीच त्सांगपो. पुरावा हवा होता. योजना अशी की एक लामा आणि त्याचा नोकर म्हणून किंथुप, असे दोघे घळीतून खाली उतरतील. खाली येता आलं तर उत्तमच. नाही आलं, तर जमेल तितक्या खालच्या जागी फूटभर लांबीचे ५०० ओंडके तयार करायचे, प्रत्येकाला खुणेची धातूची नळी बसवायची आणि रोज ५० असे दहा दिवस नदीत सोडायचे. कधी सोडणार ते आधी कळवायचं. आसामात हरमनची माणसं नदीवर नजर ठेवून बसतील. ओंडके आले की वाद संपला.

कागदावर सगळं बिनचूक. घोडं अडलं ते लामापाशी.

वाटेतल्या एका गावात हा लामा ज्याच्या घरी उतरला त्याच्याच बायकोच्या नादी लागला. चार महिने मुक्काम हलेना. शेवटी प्रकरण नवऱ्याला कळलं आणि २५ रुपये भरून सुटका करून घ्यावी लागली. ते पैसे किंथुपने दिले. १८८१ च्या सुरुवातीला दोघे ग्यालाच्या पुढे पेमाकोचुंगच्या छोट्याशा मठापर्यंत पोहोचले. त्याआधी बाहेरच्या जगाचा कोणी सर्वेक्षक एवढा आत गेला नव्हता. पण पुढे कडा सरळ पाण्यात उतरलेला. वाट संपली. दोघे मागे फिरले आणि वळसा घेऊन तोंगक्यूकच्या किल्ल्यावर आले. इथे लामाने, चार दिवसांत येतो, अशी थाप मारून काढता पाय घेतला.

तो आलाच नाही. काही दिवसांनी किंथुपला उमगलं की लामा त्याला किल्ल्याच्या अधिकाऱ्याला गुलाम म्हणून विकून गेलाय.

जवळपास वर्षभर तो तिथे राबला. मार्च १८८२ मध्ये संधी साधून पळाला. आता इथून दार्जिलिंगची वाट धरणं सोपं होतं. ज्याच्या हाताखाली काम करायचं तो लामा पळालेला, पैसे संपलेले, सामान बरंचसं गेलेलं. काम अर्धवट सोडल्याबद्दल कोणी त्याला बोल लावला नसता. किंथुप उलट्या दिशेला, नदीच्या खालच्या अंगाला निघाला.

मारपुंग नावाच्या मठापाशी किल्लेदाराच्या माणसांनी त्याला गाठलं. तो थेट मठाच्या मुख्य लामाच्या पायावर जाऊन पडला. त्या लामाला दया आली, पण फुकटची नव्हे. त्याने ५० रुपये मोजून किंथुपला विकत घेतलं. म्हणजे मालक बदलला, एवढंच. फरक इतकाच की हा मालक धार्मिक होता, आणि किंथुपने नेमकं तेच हेरलं.

साडेचार महिने काम केल्यावर त्याने यात्रेला जाण्याची रजा मागितली. मिळाली. तो नदीकाठी गेला, लाकडं तोडली, ५०० ओंडके तयार केले आणि एका गुहेत लपवून मठात परत आला. लगेच सोडून उपयोग नव्हता, कारण खाली कोणाला तारीखच माहीत नव्हती. दोन महिन्यांनी पुन्हा यात्रेची रजा. या वेळी तो ल्हासाला गेला. तिथे सिक्कीमचा एक माणूस भेटला, त्याच्याकडून नेमसिंगच्या नावे दार्जिलिंगला पत्र लिहून घेतलं. लामाने मला विकलं, मात्र ओंडके तयार आहेत, तिबेटी वर्षाच्या दहाव्या महिन्यात अमुक तारखेपासून रोज ५० सोडीन, हे हरमन साहेबांना कळवा, असा मजकूर.

आणि हा माणूस ल्हासाहून परत मठात आला. गुलामगिरीत, स्वतःच्या पायांनी. मोठमोठ्या मोहिमांच्या इतिहासात उपासमार, हिमदंश, मरण सगळं सापडतं, पण दिलेल्या तारखेसाठी पुन्हा गुलामीत जाऊन बसणारा माणूस शोधून सापडणार नाही.

आणखी नऊ महिने गेले. एवढ्या यात्रा करणारा गडी पाहून मुख्य लामाचं मन द्रवलं आणि त्याने किंथुपला मोकळं केलं. किंथुपने महिनाभर तिथेच राहून लोकांचे कपडे शिवले, वाटखर्चाला चार पैसे जमवले आणि ठरलेल्या दिवशी गुहेतले ओंडके काढले. रोज ५०. दहा दिवस.

ओंडके घळीतून वाहत आसामात गेले असणार. बघायला कोणी नव्हतं.

पत्र वेळेत योग्य माणसाच्या हाती पडलंच नव्हतं. हरमन तर आजारी पडून केव्हाच भारत सोडून गेला होता आणि १८८३ मध्ये वारलाही होता. नदीवर बसवलेला पहारा उठून जमाना झाला होता.

किंथुपला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तो नदीच्या काठाने तसाच खाली निघाला, आदी लोकांच्या मुलखात शिरला आणि ओनलेट नावाच्या गावापर्यंत आला. इंग्रजांची हद्द तिथून पन्नास-साठ किलोमीटरवर. पण पुढची वाट धोक्याची होती. तो मागे वळला आणि सगळा तिबेट पुन्हा तुडवत नोव्हेंबर १८८४ मध्ये दार्जिलिंगला पोहोचला. चार वर्षं झाली होती. घरी आई वारलेली.

सरकारदरबारी स्वागत थंडच झालं. त्याची हकिकत कागदावर यायलाच दोनेक वर्षं लागली. तो तोंडाने सांगत गेला, एकाने लिहून घेतलं, दुसऱ्याने इंग्रजीत आणलं. १८८९ मध्ये ती छापली गेली. शेकडो गावं, मठ, अंतरं, सगळं केवळ आठवणीतून. अनेक भूगोलतज्ज्ञांनी मान हलवली. अडाणी माणसाच्या स्मरणावर नकाशा कसा काढायचा, हा त्यांचा प्रश्न. एका गोष्टीवर मात्र सगळे तुटून पडले. पेमाकोचुंगजवळ त्सांगपो १५० फूट उंचीवरून कोसळते, असं त्या अहवालात होतं. धबधब्याच्या दंतकथेला आयताच आधार मिळाला.

किंथुप पुन्हा सुई-दोऱ्याकडे वळला. अधूनमधून डोंगरात जाणाऱ्या साहेबांना वाट दाखवायचं कामही करी. अशीच तीस वर्षं गेली.

१९१३ मध्ये फ्रेडरिक बेली आणि हेन्री मोर्सहेड हे दोन अधिकारी किंथुपच्या वाटेवरून घळीत गेले. गावं जिथे सांगितली तिथे होती, मठ जिथे सांगितले तिथे होते. खोटा ठरला तो फक्त धबधबा. पेमाकोचुंगपाशी नदीची उडी जेमतेम ३० फुटांची निघाली. १५० फुटांचा धबधबाही खराच होता, पण तो ग्यालाजवळच्या एका ओढ्याचा, ज्याच्या पाण्यामागे देवाची मूर्ती आहे. दोन जागा अहवालात एक झाल्या होत्या. त्याची हकिकत लिहिताना किंवा इंग्रजीत आणताना हा घोटाळा झाला, आणि ज्याच्या नावावर तो खपला त्याला अहवाल वाचताच येत नव्हता. चूक त्याच्या ध्यानात येणार तरी कशी?

घळीचा उरलेला तुकडा त्यानंतरही बराच काळ दाद देत नव्हता. १९२४ मध्ये वनस्पती गोळा करणारा फ्रँक किंग्डन-वॉर्ड बराच आत गेला, तरी काही मैल राहिलेच. त्या तुकड्यातला शंभरेक फुटांचा धबधबा १९९८ मध्ये बाहेरच्या लोकांनी पाहिला. स्थानिक शिकाऱ्यांना तो आधीपासून माहीत होता. ज्या पेमाकोत किंथुपने ओंडके दडवले, त्या आजच्या मेदोग भागात बारमाही मोटाररस्ता व्हायला २०१३ उजाडावं लागलं. नवा प्रकल्प त्याच पट्ट्यात होतोय.

बेली परतला तो किंथुपचा शोध घेत. म्हातारा जिवंत होता. त्याला सिमल्याला बोलावून घेतलं, तेव्हा धबधब्याचा खुलासा त्याने स्वतः केला. ग्यालाचा ओढा वेगळा, पेमाकोचुंगची नदी वेगळी, सगळं तीस वर्षांनंतरही जसंच्या तसं आठवत होतं. बेलीने त्याला पेन्शन मिळावी म्हणून सरकारकडे शब्द टाकला. सरकारने हिशेब केला. माणूस नव्वदी गाठणारा निघाला तर किती वर्षं पैसे द्यायचे? पेन्शन नाकारली आणि एकरकमी हजार रुपये मंजूर झाले.

त्यानंतर काही महिन्यांतच किंथुप वारला.